आफ्रिकेतल्या शाळांसाठी काम करताय? मग या चुका टाळा

पश्चिम केनियात, युगांडाच्या सीमेजवळ बुसिया नावाचा भाग आहे. १९९६ मध्ये तिथल्या १०० प्राथमिक शाळांमधून २५ शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या आणि त्यांना सरकारमान्य पाठ्यपुस्तकं दिली. त्या भागात एकेका पुस्तकावर कितीतरी मुलं वाकून बसायची. पुस्तकं आली की गुण वाढतील, अशी अपेक्षा असणं स्वाभाविकच होतं. प्रत्यक्षात पुस्तकं मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांच्या सरासरी गुणांत फरक दिसला नाही. फायदा झाला तो आधीपासूनच वर्गात पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि तिथल्या बहुतेक मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा. घरात लुह्या किंवा तेसो, घराबाहेर किस्वाहिली, आणि इंग्रजी फक्त शाळेत. अनेकांना हातात आलेलं पुस्तक वाचताच येत नव्हतं.

हा अभ्यास पॉल ग्लेव, मायकेल क्रेमर आणि सिल्वी मुलाँ यांचा. क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शिक्षण प्रकल्पांवर जाऊ पाहणारे मराठी तरुण भेटले, की मी सगळ्यात आधी त्यांना या पुस्तकांबद्दल सांगतो. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दहा वर्षांच्या दर १० मुलांपैकी जवळजवळ ९ मुलांना साधा उतारा वाचून समजत नाही, असा जागतिक बँकेचा २०२२ चा अंदाज आहे. इतक्या मोठ्या दुखण्यावर पैसा आणि माणसं खर्ची पडत असताना त्याच त्या चुका पुन्हा होतात, याचं फार वाईट वाटतं. खंडात ५४ देश आहेत. म्हणून खाली प्रत्येक चूक ती जिथे घडली त्या देशासकट सांगितली आहे. ती उचलून दुसरीकडे लावताना विचार करा.

मूल कुठे अडलंय हे न बघताच सुरुवात करणं

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून तिच्यावर जास्त वेळ थांबतो.

लक्षण ओळखायला सोपं आहे. वर्ग पाचवीचा, फळ्यावर धडा पाचवीचा, मुलं एका सुरात म्हणतायत, आणि एखाद्याला जवळ बोलावून दुसरीचा उतारा पुढे ठेवला की तो गप्प. ही गप्प मुलं किती आहेत याचा आकडा प्रकल्पाच्या कागदांत बहुधा नसतोच. पटसंख्या असते, हजेरी असते, वाटलेल्या दप्तरांची संख्या असते.

यावरचा एक उपाय मराठी वाचकांच्या अगदी ओळखीच्या गावातून निघाला. १९९० च्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या वस्त्यांमध्ये माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी 'प्रथम' ही संस्था सुरू केली. तिची तपासणी अगदी साधी. एका कागदावर अक्षरं, सुटे शब्द, छोटा उतारा आणि एक गोष्ट. मुलाशेजारी बसायचं आणि ते कुठवर वाचतं ते बघायचं. जिथे अडलं ती त्याची पायरी. काही मिनिटांचं काम. मग इयत्ता बाजूला ठेवून पायरीप्रमाणे गट करायचे आणि दिवसातला ठरावीक वेळ त्या गटाला त्याच्या पायरीवरून पुढे न्यायचं. याच तपासणीवरून २००५ पासून भारतात गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणारं 'असर' सर्वेक्षण सुरू झालं, आणि त्याचं बघून केनिया, टांझानिया आणि युगांडात 'उवेझो' उभं राहिलं. किस्वाहिलीत उवेझो म्हणजे क्षमता. झांबियात सरकारने २०१६ मध्ये ८० शाळांत हीच पद्धत आजमावली आणि पुढे इतर शाळांत वाढवली. तिसरी ते पाचवीची मुलं आणि त्यांच्या भागातली भाषा: बेम्बा, न्यांजा, टोंगा, लोझी.

गट पाडायचं म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. 'अ' तुकडी आणि 'ढ' तुकडी यांनी किती पोरांची मनं मोडली हे आपण पाहिलंय. भीती रास्त आहे. पण इथे शिक्का कायमचा नसतो. शब्द वाचू लागलेलं मूल पुढच्या गटात जातं. शिवाय केनियातल्या १२१ शाळांच्या एका अभ्यासाने मलाही विचार बदलायला लावला. २००५ मध्ये या शाळांना पहिलीसाठी जादा शिक्षक दिला गेला आणि वर्गाचे दोन भाग केले. निम्म्या शाळांत हे भाग आधीच्या गुणांनुसार पाडले, उरलेल्यांत कसेही. गुणांनुसार पाडलेल्या शाळांमध्ये पुढच्या आणि मागच्या, दोन्ही गटांतली मुलं जास्त शिकली. समोरची सगळी मुलं साधारण एका पायरीवर असली, की शिक्षकाला त्या पायरीवरून बोलता येतं.

काय करायचं? निधीचा प्रस्ताव लिहिण्याआधी दहा शाळांत जा, प्रत्येक शाळेत वीसेक मुलांशेजारी बसा, त्यांच्या भाषेत वाचायला द्या. सोबत ती भाषा बोलणारी स्थानिक शिक्षिका हवीच. दोन आठवडे लागतील. तेवढ्यात प्रस्तावातली निम्मी खरेदीची यादी तुम्ही स्वतःहून खोडाल.

याचा अर्थ वस्तू, इमारती देऊच नयेत असा मात्र काढू नका. बुर्किना फासोमध्ये २००५ नंतर १३२ गावांत मुलींना सोयीच्या पडतील अशा शाळा बांधल्या: वेगळी स्वच्छतागृहं, रोजचं जेवण, नियमित येणाऱ्या मुलींना घरी न्यायला शिधा. तिथे पटनोंदणी सुमारे १९ टक्केबिंदूंनी वाढली आणि चाचणीतले गुणही वाढले. त्या गावांची अडचण शाळेपर्यंत पोचण्याची होती आणि उपाय त्याच अडचणीवर होता. बुसियात शाळा होती, पुस्तक होतं, अडत होतं वाचनाशी.

"चांगल्या शाळांत तक्ते होते, म्हणून तक्ते लावूया"

पुन्हा केनियाच. ज्या वर्गांत भिंतीवर उलटायचे तक्ते होते, तिथल्या मुलांचे गुण जास्त दिसत होते. शाळांमधली इतर साधनं हिशेबात धरली तरी फरक तसाच राहत होता. मग १७८ शाळा घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यातल्या निम्म्यांची निवड केली आणि तक्ते दिले. फरक नाहीसा झाला. ज्या शाळेत तक्ते आधीपासून असतात तिथे बहुधा धडपडे मुख्याध्यापक असतात, पालक लक्ष घालतात, शिक्षक वेळेवर येतात. गुण त्यांच्यामुळे येतात, नाव तक्त्यांचं होतं.

तुमच्या अहवालात "आमच्या शाळांचा निकाल शेजारच्या शाळांपेक्षा चांगला" असं वाक्य असेल, तर आधी स्वतःला विचारा की या शाळा निवडल्या कोणी आणि कशा. रस्त्यालगतच्या, तयारीच्या शाळा घेतल्या असतील तर त्या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. सगळ्या शाळांना एकदम पुरेल एवढा निधी तसाही नसतो; मग पहिल्या वर्षी कोण आणि दुसऱ्या वर्षी कोण हे गावासमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा. ते न्याय्यही होतं आणि तुलना करायला खरा आधार मिळतो.

हजेरीला शिक्षण समजणं

बुसियातच १९९८ पासून ७५ शाळांमध्ये जंताच्या गोळ्या देण्याचा प्रकल्प झाला. गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. गोळी स्वस्त होती आणि मुलांचं आरोग्य सुधारणं हीच मोठी गोष्ट. पण त्या काळातल्या चाचण्यांत गुण वाढलेले दिसले नाहीत. मूल वर्गात आलं. वर्गात पुढे काय झालं, हा वेगळा प्रश्न होता. दोन्ही मोजा, दोन्हींचे आकडे वेगळे लिहा.

दर मिनिटाला शब्द: एकाच पट्टीने सगळ्या भाषा मोजणं

ही चूक भाषेवर प्रेम असणाऱ्याला लगेच कळावी. वाचनाची गती मोजायला मूल एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचतं ते बघतात. साधन चांगलं आहे. गडबड होते ती इंग्रजीचा आकडा उचलून दुसऱ्या भाषेला लावताना. किस्वाहिलीत 'निताकुओना' हा एक शब्द, अर्थ 'मी तुला पाहीन'. इंग्रजीत त्याचे चार शब्द होतात. मुलाने एक शब्द वाचला म्हणून ते चारपट मागे आहे का? आपण मराठीत 'घरापर्यंतसुद्धा' एका दमात लिहितो. ते सुटं करून मोजलं तर आपलीही गती वाढेल.

दक्षिण आफ्रिकेत हा प्रश्न एकाच देशात उभा राहतो. झुलू आणि खोसा भाषांत प्रत्यय जोडून लांबलचक शब्द होतात. सेत्स्वाना आणि सेसोथो यांची घडण मिळतीजुळती असूनही लिहिताना तुकडे सुटे ठेवतात. म्हणून तिथल्या अभ्यासकांनी भाषागटांप्रमाणे वेगळी उद्दिष्टं ठरवली: तिसरी संपताना झुलूच्या कुळातल्या भाषांसाठी मिनिटाला ३५ शब्द, सेसोथो-सेत्स्वाना गटासाठी ६०. ही दोन उद्दिष्टं एकाच तक्त्यात शेजारी लिहून कुणी "झुलू मुलं मागे आहेत" असा निष्कर्ष काढला, तर तो मुलांवर अन्याय आहे. तुमच्या प्रकल्पाची चाचणी इंग्रजीतून भाषांतर करून आणली असेल, तर ती त्या भाषेच्या शिक्षकांकडून नव्याने लिहून घ्या. उतारा, शब्दांची लांबी, सगळंच.

प्रशिक्षण दिलं म्हणजे झालं, असं धरणं

चार दिवसांचं शिबिर. दालन, फाइल, चहा, गटचर्चा, शेवटी सामूहिक फोटो. परतल्यावर शिक्षक साठ-सत्तर मुलांपुढे उभा राहतो आणि पहिल्या अडचणीला जुन्या सवयीकडे वळतो. यात त्याचा दोष फार थोडा.

दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य प्रांतात सेत्स्वाना वाचनावर एक सुरेख अभ्यास झाला. दोन गटांतल्या शाळांना तेच पाठ-आराखडे आणि तीच वाचनपुस्तकं दिली. एका गटातल्या शिक्षकांना एकत्र बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटात मार्गदर्शिका नियमितपणे वर्गात यायची, तास बघायची, शिकवून दाखवायची. दोन वर्षांनी पहिल्या गटात वाचन ०.१२ प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या गुणांत किती तफावत असते ते मोजायचं संख्याशास्त्रातलं माप) वाढलं, दुसऱ्यात ०.२४ ने. दुप्पट. मग स्वाभाविकपणे विचार आला की मार्गदर्शिकेला पाठवण्याऐवजी टॅबलेटवरून जोडून द्यावं. म्पुमालांगा प्रांतात ते इंग्रजीसाठी करून पाहिलं. तीन वर्षांनी प्रत्यक्ष भेटींच्या शाळांत इंग्रजी बोलणं आणि वाचन दोन्ही सुधारलं होतं. दूरस्थ मार्गदर्शनाच्या शाळांत बोलण्यात थोडी वाढ, वाचनात काहीच नाही, आणि घरच्या भाषेतलं वाचन उलट घसरलं. त्या शेवटच्या निकालापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. इंग्रजीचा प्रकल्प चालवताना घरच्या भाषेची चाचणी घ्यायचं कुणाला सुचलं नसतं, तर हे नुकसान कळलंच नसतं.

केनियाच्या 'तुसोमे' कार्यक्रमाने (किस्वाहिलीत अर्थ 'चला वाचूया') हा धडा देशभर वापरला. २०१५ पासून पहिली ते तिसरीच्या मुलांना प्रत्येकी एक पुस्तक, शिक्षकांना पाठ-आराखड्यांचं पुस्तक, आणि आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखं काम असलेल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या हातात टॅबलेट. त्यांनी वर्गात जायचं, तास बघायचा, तिथल्या तिथे नोंद करायची. प्रवासखर्च त्या नोंदीला जोडलेला. टॅबलेट मुलांऐवजी त्यांच्याकडे का? आधी केनियातल्याच किसुमूत तीन तऱ्हा करून पाहिल्या होत्या: उपकरणं मुलांना, शिक्षकांना, आणि पर्यवेक्षकांना. मुलांना उपकरणं देण्याचा खर्च सगळ्यात जास्त, आणि त्या प्रमाणात वाचन काही वाढलं नाही. उपकरण घ्यायचंच असेल तर आधी विचारा, कुणाच्या हातात दिलं की सगळ्यात जास्त वर्ग बदलतील?

खर्च कमी करताना उपायाचा जीवच काढून घेणं

उत्तर युगांडातल्या लांगो भागात मातृभाषेतून वाचायला शिकवणारा एक कार्यक्रम होता. पूर्ण स्वरूपात त्याने पहिलीच्या मुलांचं वाचन ०.६४ प्रमाण विचलनाने वाढवलं, लेखन ०.४५ ने. या क्षेत्रात असे आकडे क्वचित दिसतात. त्याचीच स्वस्त आवृत्तीही तपासली गेली. तज्ज्ञांऐवजी सरकारी कर्मचाऱ्यांमार्फत प्रशिक्षण, पाट्या आणि भिंतीवरचं घड्याळ यांसारख्या काही गोष्टी गाळलेल्या. कागदावर कार्यक्रम तोच. वाचनातला फायदा जवळपास विरला. लेखनाच्या अवघड भागात तर ही मुलं कार्यक्रमच नसलेल्या शाळांतल्या मुलांपेक्षाही मागे पडली, ०.३३ ने.

तिसऱ्या वर्षी निधी देणारे हमखास म्हणतात, "हेच निम्म्या खर्चात करता येईल का?" करता येईल की नाही ते करून, मोजून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. आणि मोजताना अक्षरओळखीवर थांबू नका, कारण स्वस्त आवृत्ती अक्षरओळखीपर्यंत बरी दिसू शकते.

पैसा शाळेच्या नावाने निघाला म्हणजे पोचला असं समजणं

१९९१ ते १९९५ या काळात युगांडात केंद्राकडून शाळांसाठी निघालेल्या अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के पैसे शाळांपर्यंत पोचत होते. रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या अर्थतज्ज्ञांनी शाळाशाळांत वह्या उघडून हे शोधलं. त्यानंतर सरकारने रकमा वर्तमानपत्रांत आणि शाळांच्या दारावर जाहीर करायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. श्रेय एकट्या वर्तमानपत्रांना द्यावं का यावर वाद आहे. पण मुख्याध्यापकाला आपल्या नावावर किती निघाले हे माहीत असणं, ही अगदी पहिली पायरी आहे.

पोचलेल्या पैशाचंही निराळं गणित असतं. टांझानियातल्या ३५० शाळांच्या अभ्यासात नुसतं अनुदान मिळालेल्या शाळांत शिक्षण वाढलं नाही. अनुदानासोबत चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्या मुलांमागे शिक्षकांना बक्षीस ठेवलं, तिथे मात्र स्पष्ट वाढ दिसली. झांबियात दिसलं की अनुदान येणार हे आधीच ठाऊक असलं की पालक आपला वह्या-पुस्तकांवरचा खर्च आवरतात. गरीब घराने असं करणं शहाणपणाचंच आहे. प्रकल्पाच्या हिशेबात फक्त ते धरलेलं हवं.

कौशल्य प्रशिक्षणात मागे राहिलेला कागद

एकच मुद्दा. युगांडातल्या तरुणांच्या एका मोठ्या अभ्यासात काहींना सहा महिन्यांचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं, तर काहींना छोट्या उद्योगांत थेट कामावर ठेवून शिकवलं. कामावर शिकलेल्यांना कमाई आधी सुरू झाली. पण काही काळाने व्यवसाय प्रशिक्षणवाले पुढे गेले. त्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं आणि एक नोकरी सुटली तरी ते दाखवून दुसरीकडे जाता येत होतं. गॅरेजमध्ये शिकवत असाल तर शिकलेलं काय, ते दुसऱ्या गॅरेजवाल्याला पटेल अशा कागदावर उतरवून द्या.

प्रयोग जमला, आता देशभर

केनियात कंत्राटी शिक्षकांचा प्रयोग यशस्वी झाला होता. मग सरकारने हजारो कंत्राटी शिक्षक नेमायला घेतले, आणि संशोधकांनी काही शाळांत हे काम एका स्वयंसेवी संस्थेकडे, काहींत सरकारी यंत्रणेकडे ठेवून तुलना केली. संस्थेच्या शाळांत मुलांचे गुण वाढले. सरकारी यंत्रणेच्या शाळांत, त्याच योजनेत, काहीच नाही. पगार उशिरा मिळत होते, देखरेख ढिली होती, आणि शिक्षक संघटनेने विरोध केला होता. शिक्षणसेवकांचे वाद पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला याचं आश्चर्य वाटू नये.

म्हणून पहिल्या प्रयोगातच विस्तार ज्यांच्या हातून होणार आहे त्या माणसांना घ्या. तुमच्या पगारावरचे दहा उत्साही पदवीधर घेऊन मिळालेला निकाल तुम्हाला फक्त तुमच्या पदवीधरांबद्दल सांगतो. जिल्ह्याचा अधिकारी, त्याची मोटरसायकल, तिचं पेट्रोल, त्या पेट्रोलचं बिल मंजूर करणारा कारकून, ही सगळी साखळी प्रयोगात असू द्या.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला त्यांची मदत संस्था यूएसएड बंद झाली. आफ्रिकेतल्या कित्येक वाचन प्रकल्पांचा मुख्य आधार तीच होती, तुसोमेच्या मागेही तिचा पैसा होता. तुसोमेतले वर्गभेटी देणारे अधिकारी मात्र केनिया सरकारच्या पगारावर होते. तुमच्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत एक यादी मागा: शाळेत जाणारी प्रत्येक व्यक्ती, आणि तिच्या नावापुढे तिचा पगार कुठून येतो.